फझ पेडलसाठी ट्रान्झिस्टर निवडताना: खिशात मावणारा टेस्टर कितपत भरवशाचा?

नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, तीन पाय खोबणीत अडकवून बटण दाबले की चिमुकल्या पडद्यावर ट्रान्झिस्टरचे चिन्ह, पायांची नावे आणि एचएफई (गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पटीने वाढवतो तो आकडा) दाखवणारा टेस्टर मी घरगुती गिटार पेडलांच्या, विशेषतः गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या फझ पेडलच्या कामासाठी वर्षभर वापरला. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरसाठी तो चोख आहे. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरसाठी मात्र त्याचा आकडा जसाच्या तसा धरला, तर फसगत ठरलेली.

सिलिकॉनपासूनच सुरुवात करतो. बीसी१०८ हा धातूच्या टोपीचा जुना ट्रान्झिस्टर मिळाला नाही, तर बीसी५४८ किंवा २एन३९०४ बसवता येतो. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यास बीसी५४८ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर २एन३९०४ चे नेमके उलटे. टेस्टर घेण्यापूर्वी मी हा फरक न पाहता २एन३९०४ टाचला होता. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मुका होत नाही, तो अगदी कमी गेनवर कसाबसा चालत राहतो. त्यामुळे आवाज फुसका का येतो, हे शोधण्यात माझी संध्याकाळ गेली आणि दोष मी उगीचच कपॅसिटरला देत राहिलो. टेस्टरने हे दोन सेकंदांत सांगितले असते.

खरी परीक्षा एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या फझ फेस या पेडलच्या जर्मेनियम सर्किटमध्ये दोन पीएनपी (एनपीएनच्या उलट दिशेने बॅटरी लागणारे) ट्रान्झिस्टर असतात आणि पहिल्याचा गेन ७० ते ८०, दुसऱ्याचा ११० ते १३० असावा, असा बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण आडाखा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आठ नगांपैकी एकाला टेस्टरने १४२ दिला, म्हणून तो मी दुसऱ्या जागेसाठी बाजूला ठेवला. नंतर एमिटर बॅटरीच्या धन टोकाला आणि कलेक्टर २.४ किलोओहम व ६८ ओहमचे रेझिस्टन्स सिरीजमध्ये जोडून ऋण टोकाला लावला. बेस मोकळा असतानाच दोन्ही रेझिस्टन्सवर मिळून ०.६२ व्होल्ट दिसले, म्हणजे जवळजवळ २५० मायक्रोॲम्पिअर नुसती गळती. बेस २.२ मेगओहममधून ऋण टोकाला जोडल्यावर १.४१ व्होल्ट आले. या मांडणीत फरकाला शंभराने गुणले की गेन मिळतो, तेव्हा खरा गेन ७९ निघाला. टेस्टरने गळतीही गेनमध्येच धरली होती. नग वाया गेला नाही, पहिल्या जागी छान बसला. मात्र मोजण्यापूर्वी तो बोटांत धरून ठेवू नये, कारण टोपी जराशी गरम झाली तरी आकडा चढतो.

बसवण्याबाबत माझे मत ठाम आहे: ट्रान्झिस्टर थेट सोल्डर न करता सॉकेटमध्येच घालावा. त्यामुळे जर्मेनियमला सोल्डरगनची आच लागत नाही आणि चार नग आलटून पालटून कानाने पारखता येतात. पीएनपीच्या जागी एनपीएन सिलिकॉन घालायचा असेल, तर बॅटरीची टोके आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही उलटावे लागतात, हे विसरू नये. सिलिकॉनचा गेन जास्त असल्याने आवाज कर्कश होतो, कधी रेडिओही घुसतो. तेव्हा कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावून पाहावा.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टन्स काढून मी तिथे १० किलोओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) बसवला आहे आणि त्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास बायस (गिटार वाजत नसतानाचा स्थिर व्होल्टेज) लावतो. या कामात टेस्टरचा काहीच उपयोग नाही, मल्टिमीटरच लागतो. आणि मे महिन्याच्या दुपारी जुळवलेला बायस पंख्याखाली बसून रात्री पुन्हा मोजला, तेव्हा तो सरकलेला होता, म्हणून प्रीसेटपर्यंत पेचकस पोचेल एवढे भोक डब्याच्या तळाला पाडून ठेवले आहे.