बेळगावात मुलाची आयक्यू टेस्ट, आमचा अनुभव

टिळकवाडीतल्या एका काउन्सेलर मॅडमकडे मुलाची टेस्ट करून आलो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. रस्त्यानं जाताना केए २२ च्या गाड्यांचे नंबर बघत असतोय, परवा एका रिक्षाचा १००१ दिसला तर म्हणतोय आई ह्याला ७, ११ नि १३ नं भाग जातोय. आणि वर्गात वही कोरी! शाळेतनं सारखी चिठ्ठी, लक्ष नाही म्हणून. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी टेस्ट केली ती सगळी इंग्लिशमधनं, पोरगं गप्पच बसलं आणि रिपोर्ट आला साधारण. घरी येऊन विचारतोय, आई मी ढ आहे काय गं? रात्रभर झोप नाही मला.

ह्या मॅडमनी पहिलंच विचारलं, घरात कुठली भाषा, गल्लीत कुठली. मग बिने-कामत नावाची आयक्यू टेस्ट घेतली, मराठीतनं. मला माहीतच नव्हतं, कामतांनी १९३४ साली बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची टेस्ट बदलून केली ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच, म्हणजे आपल्याच पोरांसाठी की ओ! दीड तास चालली. दोन वस्तूंत सारखं काय असा प्रश्न होता, ह्यानं 'दोन्ही हण्णु', म्हणजे फळं, म्हणून सांगितलं, शेजारच्या पोरांत खेळून कन्नड शब्दच आधी तोंडात येतोय, तर मॅडमनी ते बरोबर धरलं.

मानसिक वय, म्हणजे उत्तरं कितव्या वर्षाच्या पोरासारखी ते, साडेदहा निघालं, त्याला ८ नं भागून १०० नं गुणायचं, म्हणजे आयक्यू १३१. पण मॅडमनी लगेच सांगितलं, ह्या टेस्टची नॉर्म्स, म्हणजे ज्या सरासरीशी तुलना करतात ती, जुनी आहेत, आकडा जरा चढाच येतो, आणि त्याच्यासमोर तर तो बोलूच नका. हे मला फार पटलं. डोकं पुढं पळतंय आणि लिहिणारा हात मागं राहतोय, त्याला आळशी म्हणू नका म्हणाल्या. गणितं लवकर संपवली म्हणून तसलीच आणखी २० देऊ नका, एकच अवघड द्या आणि कसं सोडवलं ते तोंडी सांगू दे. आता रोज रात्री जेवताना तेच चालू आहे आमच्यात.

एक खटकलं, रिपोर्ट फक्त इंग्लिशमधनं. आजोबांना मीच वाचून सांगितला. टेस्ट मराठीत घेता तर रिपोर्टचं एक पान मराठीत द्यायला काय हरकत आहे? अपॉइंटमेंटला महिना लागला, फी ३,००० रुपये. खानापूरकडनं येणाऱ्यांनी सकाळचीच वेळ मागून घ्या, बसमधनं दमून आलेलं पोर दुपारी नीट उत्तरं देत नाही.