‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ आणि अदीराचे सर्वनाम

‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या पर्वातील पाचव्या भागाच्या शेवटी दोन पुरुष आरशासमोर उभे राहून दात घासतात. त्यांपैकी एक अवकाशजहाजावरचा शास्त्रज्ञ पॉल स्टॅमेट्स आणि दुसरा तिथलाच डॉक्टर ह्यू कल्बर. स्टॅमेट्सने त्याच दिवशी स्वतःच्या शरीरावर एक जीवघेणा प्रयोग केलेला असतो, आणि डॉक्टरच्या बोलण्यात रागापेक्षा काळजी अधिक असते; झोपण्यापूर्वी कोणत्याही घरात व्हावे तसे हे बोलणे आहे. हे दोघे जोडपे आहेत हे प्रेक्षकाला इथे प्रथमच समजते, आणि तेही कोणी तसे जाहीर केल्यामुळे नव्हे, तर रात्रीच्या कपड्यांत दोघे एकाच आरशात दिसल्यामुळे. दोघे निघून जातात, स्टॅमेट्सचे प्रतिबिंब मात्र आरशातच उभे राहते आणि भाग संपतो. हा भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ आपल्याकडे तेव्हा अजून लागू होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला आणखी अकरा महिने होते.

२४ सप्टेंबर २०१७ ते ३० मे २०२४ या काळात पाच पर्वे आणि ६५ भाग एवढा या मालिकेचा पसारा आहे. तिची युद्धे, कालप्रवास आणि विश्व वाचवण्याच्या मोहिमा यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, त्यामुळे या परीक्षणात एकच धागा धरला आहे: समलिंगी, पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या) आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) पात्रांना या मालिकेने कसे वागवले. माझे मत आधीच सांगून टाकते बरे: जिथे ही पात्रे नुसती जगतात तिथे मालिका उत्तम आहे, आणि जिथे त्यांच्या असण्याची घोषणा होते तिथे ती अडखळते.

१९६६ पासून चालत आलेल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकासमूहाने पूर्वी या विषयाला हात घातलाच नव्हता असे नाही; पण तो हात नेहमी चिमट्याच्या टोकाने घातलेला असे. १९९१ मधील ‘द होस्ट’ या भागात ट्रिल नावाची परग्रहवासी जमात प्रथम दिसली. तिच्यातील काहींच्या शरीरात एक सहजीवी जीव राहतो आणि एक शरीर संपले की तो आपल्या आठवणींसह दुसऱ्यात जातो. डॉक्टर क्रशर अशाच एका ट्रिलच्या प्रेमात पडतात, पण पुढचे शरीर स्त्रीचे निघताच त्या माघार घेतात. १९९२ च्या ‘द आउटकास्ट’मध्ये लिंगभेद न मानणाऱ्या एका समाजातील सोरेन हे पात्र आपण स्त्री असल्याचे सांगते आणि समाज तिच्यावर ‘उपचार’ करून टाकतो. हेतू समलिंगी व्यक्तींवरील अन्यायाचे रूपक रचण्याचा होता, परंतु रूपक इतके उलटे बसले की आजच्या नॉनबायनरी प्रेक्षकाला त्यात आपल्यासारखेच लोक खलनायक झालेले दिसतात. त्यातही सोरेनची भूमिका एका अभिनेत्रीला दिल्यामुळे नायक रायकरशी तिचे चुंबन पडद्यावर अगदी निर्धोक ठरले; रायकरची भूमिका करणाऱ्या जोनाथन फ्रेक्स यांनीच पुढे सांगितले की तिथे पुरुष नट हवा होता. १९९५ च्या ‘रिजॉइन्ड’ या भागाने मात्र वेगळी वाट धरली. त्यात पूर्वजन्मात पती-पत्नी असलेल्या दोन ट्रिल स्त्रिया पुन्हा भेटतात. त्यांच्या समाजाचा आक्षेप जुने नाते नव्या शरीरात पुढे चालवण्याला आहे. दोघी स्त्रिया आहेत याची दखलही कोणी घेत नाही. एव्हरी ब्रुक्स यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग आजही जुना वाटत नाही.

‘डिस्कव्हरी’ने या साऱ्यावर मात केली ती स्टॅमेट्स आणि कल्बर यांना पाहुणे न ठेवता घरचे केल्यामुळे. स्टॅमेट्स झालेले अँथनी रॅप आणि कल्बर झालेले विल्सन क्रूझ हे दोघेही अभिनेते स्वतःच्या समलिंगी आकर्षणाविषयी उघडपणे बोलतात, आणि क्रूझ यांनी तर १९९४ मध्येच अमेरिकी दूरदर्शनवर एका समलिंगी किशोराची भूमिका केली होती. स्टॅमेट्स हा तुसडा, स्वतःच्या बुरशीशास्त्रात बुडालेला माणूस (हे नाव पॉल स्टॅमेट्स या खऱ्या बुरशीतज्ज्ञावरून घेतले आहे), तर कल्बर शांत आणि सोशिक. प्रेमळ पण कंटाळवाणा नमुना पुढे करण्याचा मोह लेखकांनी टाळला, ही मोठी गोष्ट आहे.

आणि मग जानेवारी २०१८ मध्ये, दहाव्या भागात, कल्बरची मान मोडून त्याला मारण्यात आले. दोन वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, ‘द हंड्रेड’ या विज्ञानकथा मालिकेत लेक्सा या समलिंगी नायिकेला सुखाचा क्षण मिळतो न मिळतो तोच मारल्याने मोठा गदारोळ झाला होता. समलिंगी पात्र आणायचे, त्याच्याबद्दल जिव्हाळा निर्माण करायचा आणि इतरांच्या कथेला धार यावी म्हणून त्याचा बळी द्यायचा, ही खोड प्रेक्षकांना तोंडपाठ झाली होती. कहाणी इथे संपत नाही असे आश्वासन निर्मात्यांना लगेच द्यावे लागले. कथेला आतून पुरेसा विश्वास वाटत असता तर बाहेरून असे आश्वासन देण्याची पाळी आली नसती, असे मला तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते.

आश्वासन पाळले गेले, हे मात्र मान्य करायला हवे. आणि ज्या रीतीने पाळले गेले तो या संपूर्ण मालिकेचा सर्वांत संपन्न भाग आहे. दुसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात कल्बर परततो, पण जहाज ज्यातून प्रवास करते त्या अवकाशव्यापी बुरशीच्या जाळ्यातून नव्याने विणलेल्या शरीरात. त्या शरीरावर जुने व्रण नाहीत. पुढे आवडीचे जेवण समोर आले तरी ते त्याला आपले वाटत नाही. स्टॅमेट्सला हरवलेला जोडीदार जसाच्या तसा हवा असतो आणि त्या प्रेमळ हट्टापायी तो समोरच्या माणसाला पाहतच नाही. कल्बर घर सोडतो. स्वतःचे शरीर परके वाटणे आणि जवळच्या माणसाने जुन्याच ओळखीचा आग्रह धरणे, या दोन अनुभवांविषयी मालिका ‘लिंगओळख’ हा शब्दही न उच्चारता जेवढे बोलते, तेवढे ती पुढे तो शब्द उच्चारूनही बोलू शकलेली नाही. या पेचातून कल्बरला बाहेर काढते ती अभियंता जेट रेनो. टिग नोटारो यांनी केलेले हे पात्र तिरकस बोलणारे आहे. आपली पत्नी युद्धात गेली आणि तुला मात्र दुसरी संधी मिळाली आहे, एवढेच ती त्याला कोरडेपणाने सुनावते. रेनो समलिंगी आहे हे आपल्याला असे, बोलण्याच्या ओघात, कळते.

तिसऱ्या पर्वात जहाज सुमारे ९३० वर्षे पुढे, इसवी सन ३१८९ मध्ये पोहोचते आणि तिथे अदीरा ताल या सोळा वर्षांच्या बुद्धिमान पात्राची गाठ पडते. ब्लू डेल बॅरिओ यांनी साकारलेले हे पात्र मालिकासमूहातील पहिले उघड नॉनबायनरी प्रमुख पात्र म्हणून आधीच जाहीर झाले होते. सुरुवातीच्या भागांत मात्र सगळे अदीराला स्त्रीलिंगी सर्वनाम लावतात. आठव्या भागात, काम करता करता, अदीराने स्टॅमेट्सला सांगितले की ‘ती’ हा शब्द आपल्याला कधीच आपला वाटला नाही आणि इंग्रजीतील ‘दे’ (they) हे लिंग न दाखवणारे सर्वनाम अधिक बरे वाटेल. स्टॅमेट्स ‘ठीक आहे’ म्हणतो आणि पुढे कल्बरशी बोलताना नवे सर्वनाम सहजपणे वापरतो. प्रसंग छोटा आणि नेटका आहे. पण एक प्रश्न उरतो. बत्तिसाव्या शतकातही माणसे समोरच्याला पाहून सर्वनाम ठरवून मोकळी होत असतील, तर मधल्या हजार वर्षांत झाले तरी काय? ही २०२० ची अडचण उचलून ३१८९ मध्ये ठेवलेली आहे. तिचे एक खरे कारण असे की भूमिका मिळाली तेव्हा डेल बॅरिओ यांनी आपण नॉनबायनरी आहोत ही गोष्ट स्वतःच्या बहुतेक आप्तमित्रांना सांगितलेली नव्हती, आणि पात्राचा प्रवास त्यांच्या प्रवासाच्या गतीने ठेवण्यात आला. हे कारण माणुसकीचे आहे. कथेतील फट मात्र त्याने बुजत नाही.

हा प्रसंग पाहताना मराठी प्रेक्षकापुढे आणखी एक गंमत उभी राहते. इंग्रजीत ‘मी’ लिंगाबाबत मुका असतो, म्हणून अदीराला आपले लिंग इतरांच्या तोंडच्या सर्वनामापुरतेच सांभाळावे लागते. मराठीत ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे तोंड उघडताक्षणी ठरवावे लागते; उघडपणे सांगण्याचा प्रसंग इथे दिवसातून शंभरदा येतो. नपुंसकलिंगी ‘ते’ व्याकरणात हाताशी आहे, पण ते लहान मुलाला किंवा वासराला शोभते, आणि त्या लिंगाचे नावच शिवीच्या इतके जवळचे आहे की मोठ्या माणसासाठी ते सुचवण्याचे धाडस होऊ नये. सर्वांत सोयीचा मार्ग आदरार्थी अनेकवचनाचा: ‘अदीरा येतात’, ‘अदीरा म्हणतात’. सोळा वर्षांच्या लेकराला अहो-जाहो करणे घरात हास्यास्पद वाटेल, हे खरे. शिवाय भूतकाळात ‘आले’ आणि ‘आल्या’ हा भेद पुन्हा डोके वर काढतो. तिथे ‘ने’ प्रत्यय मदतीला येतो, कारण ‘अदीराने यंत्र दुरुस्त केले’ या वाक्यात क्रियापद यंत्राच्या मागे जाते आणि कर्त्याला मोकळे सोडते. या परीक्षणातही म्हणूनच अदीरा शक्यतो वर्तमानकाळात वावरतात, नाहीतर ‘ने’ लावून. या मालिकेची मराठी उपशीर्षके कोणी कधी केलीच, तर त्या व्यक्तीची खरी परीक्षा अवकाशयानांच्या तांत्रिक शब्दांत नसून इथे असेल.

ग्रे तालच्या बाबतीत मालिका सर्वांत कमी पडते. इयन अलेक्झांडर यांनी केलेला ग्रे हा पारलिंगी ट्रिल तरुण, अदीराचा प्रियकर. तो अपघातात मरतो आणि त्याच्यातील सहजीवी अदीराच्या शरीरात येतो, त्यामुळे तो केवळ अदीराला दिसतो. (त्याला ‘तृतीयपंथी’ म्हणणे चुकीचे ठरेल, तो मुलगा आहे आणि मालिकेत त्याविषयी कोणालाही शंका नाही.) इतरांना न दिसणारा पारलिंगी मुलगा हे रूपक कागदावर प्रभावी असेल, पण मालिकासमूहातील पहिल्या जाहीर पारलिंगी पात्राला संपूर्ण पर्वभर मृत आणि अदृश्य ठेवणे म्हणजे ज्या तक्रारीवर उत्तर द्यायचे तिलाच पुन्हा जागा देणे. पर्वाच्या अखेरीस एका आभासी जगात तो सर्वांना दिसू लागतो आणि कल्बर त्याला जवळ घेतो, तो क्षण खरोखर हृदयस्पर्शी आहे. चौथ्या पर्वात त्याला कृत्रिम शरीर मिळते. इथे कल्बरच्या नव्या शरीराची संपूर्ण कहाणी पाठीशी असताना ग्रेचे रुळणे दोनचार दृश्यांत उरकले जाते, आणि मग त्याला ट्रिल ग्रहावर शिक्षणासाठी पाठवून दिले जाते. पाचव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात अदीरा आणि ग्रे दुराव्यामुळे समजुतीने वेगळे होतात. त्यांना द्यायला कथाच उरली नव्हती, हे लपत नाही. अदीराही शेवटच्या पर्वांत यंत्रापाशी उभे राहून घाबरत घाबरत आकडे सांगणाऱ्या सहायकाच्या जागी जाऊन बसतात.

याला मालिकेचा सर्वसाधारण दोषही कारणीभूत आहे. तिसऱ्या पर्वापासून प्रत्येकाला आपल्या भावना पूर्ण वाक्यांत सांगण्याची इतकी सवय लागते की ग्रह नष्ट व्हायला चार मिनिटे उरली असतानाही कोणीतरी कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून समजूत काढत असते. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागातला तो आरसा अशा वेळी फार आठवतो.

भारतात पहिली तीन पर्वे नेटफ्लिक्सवर होती आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, चौथे पर्व तोंडावर आले असताना, ती तिथून काढून घेण्यात आली. ज्यांना ६५ भागांचा उरक नाही त्यांनी पहिल्या पर्वाचा पाचवा आणि दहावा, दुसऱ्याचा पाचवा, आठवा आणि बारावा, तर तिसऱ्याचा चौथा, आठवा आणि शेवटचा भाग पाहावा. चौथे पर्व या धाग्यापुरते सोडले तरी चालेल. पाचव्यातला तिसरा भाग मात्र ग्रे आणि अदीरा यांच्या निरोपासाठी नव्हे, तर विल्सन क्रूझ यांच्यासाठी पाहावा: त्यात एका जुन्या ट्रिलचे मन काही काळ कल्बरच्या शरीरात उतरते, आणि एकदा परक्या शरीरात जागा झालेला हा माणूस आता आपले शरीर दुसऱ्याला वापरायला देतो.