ह्यूस्टनचे स्पेस सेंटर: टेक्ससच्या सहलीतला एक दिवस

टेक्सससारख्या अवाढव्य राज्यात काय पाहावे आणि काय सोडावे, असा प्रश्न पडलेल्यांनी ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. आडवा ठेवलेला ३६३ फुटी सॅटर्न-५ अग्निबाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहिला, की त्याच्या आकाराची खरी कल्पना येते; तरी मला अधिक भावला तो अपोलो चांद्रमोहिमांचा नियंत्रण कक्ष. २०१९ मध्ये पूर्ववत केलेल्या या कक्षात ॲश-ट्रे, कॉफीचे मग आणि जाडजूड फायली जागच्या जागी मांडलेल्या आहेत, जणू माणसे नुकतीच उठून गेली असावीत. उन्हाळ्यात मात्र सकाळीच जावे, कारण दुपारचा दमट उकाडा असह्य होतो. टेक्ससमधल्याच सॅन अँटोनियो शहरातल्या अलामो या ऐतिहासिक किल्ल्याला अर्धा दिवस पुरतो.