एन्डेराल काही महिने खेळल्यावर: स्कायरिमच्या सवयी दारातच सोडा

एन्डेराल हा स्कायरिम या काल्पनिक जगातल्या भूमिका-खेळावर (आरपीजी) चाहत्यांनी बांधलेला मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून टाकणारी भर. स्कायरिम शे-दोनशे तास खेळलेल्या माणसालाच तो सुरुवातीला सगळ्यात जास्त छळतो. इंजिन तेच, तलवार उपसण्याची ढब तीच, पेटी उघडतानाचा आवाजही ओळखीचा. त्यामुळे हात जुन्या वळणाने चालत राहतात, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जुनं वळण महागात पडतं. हा मॉड आवडला नाही असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या पाच-सहा तासांत याच कारणाने सोडून गेलेले असतात.

आधी थोडक्यात ओळख. म्युनिकच्या शुअरएआय या हौशी गटाने २०१० मध्ये ऑब्लिव्हियनवर, म्हणजे स्कायरिमच्याच मालिकेतल्या आधीच्या गेमवर, ‘नेहरिम’ हा मॉड केला होता. एन्डेराल हा त्याच विश्वातला पुढचा भाग, या वेळी स्कायरिमवर. जर्मन आवृत्ती जुलै २०१६ मध्ये आली, इंग्रजी ऑगस्टमध्ये, आणि त्याच वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये चाहत्यांनी केलेल्या सर्वोत्तम निर्मितीचा पुरस्कार याला मिळाला. ‘फरगॉटन स्टोरीज’ हा विस्तार फेब्रुवारी २०१९ मध्ये, तर ६४-बिट स्पेशल एडिशन २०२१ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेमदुकानावर आली. हा टोटल कन्व्हर्जन आहे, म्हणजे नुसती नवी शस्त्रं आणि दोन-चार क्वेस्ट (कामगिऱ्या) नव्हेत. नकाशा, माणसं, धर्म, इतिहास, कौशल्यांची व्यवस्था, सगळं वेगळं आहे. स्कायरिमचा टॅमरिएल खंड नाही, त्याचा नायक ड्रॅगनबॉर्न नाही. संवाद इंग्रजीत आणि जर्मनमध्ये पूर्ण ध्वनिमुद्रित आहेत.

आता इन्स्टॉलबद्दल, कारण निम्मी डोकेदुखी तिथेच होते. स्पेशल एडिशनच घ्यावी. जुनी आवृत्ती ३२-बिट स्कायरिमवर चालते, मेमरीची मर्यादा लवकर गाठते, आणि आर्कसारख्या गजबजलेल्या शहरात शिरताना गेम डेस्कटॉपवर आपटतो. मॉड फुकट आहे, पण ज्या स्टीम खात्यावर तो घ्यायचा त्याच खात्यावर स्कायरिम स्पेशल एडिशन असायला हवी. सेलची वाट पाहिली तर ती बऱ्याच कमी पैशांत पडते. एन्डेराल स्टीम लायब्ररीत स्वतंत्र गेम म्हणून दिसतो, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो, आणि त्याच्या सेव्ह फाइल्सही वेगळ्या राहतात. म्हणजे स्कायरिमचा जमवलेला मॉड-संसार विस्कटण्याची भीती नाही.

फोल्डर मात्र ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका. विंडोज तिथल्या फाइल्सना हात लावू देताना परवानगी मागतं, मॉड मॅनेजर (मॉड बसवणारा प्रोग्राम) मग अर्धवट लिहितो, आणि दोष गेमला जातो. दुसऱ्या ड्राइव्हवर साधी स्टीम लायब्ररी करून त्यात टाका.

दुसरी गोष्ट फ्रेमची. या इंजिनचं भौतिकशास्त्र फ्रेमरेटला बांधलेलं आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि फ्रेम मोकळ्या सोडल्या, तर खोलीत पाऊल टाकताच टेबलावरच्या ताटल्या आणि पाव भिंतीकडे उडतात, आणि पुढे ठरवून लिहिलेले (स्क्रिप्टेड) प्रसंगही बिघडू लागतात. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फक्त या गेमसाठी कमाल फ्रेमरेट ६० लावला की हा त्रास संपतो.

मॉडवर मॉड घालायची खुमखुमी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एन्डेरालमध्येही ‘स्कायरिम डॉट ईएसएम’ नावाची फाइल असते, पण आतला माल वेगळा आहे. नाव पाहून स्कायरिमचा मॉड बिनतक्रार लोड होईल आणि मग भलत्याच जागी भलतीच वस्तू बदलेल. पर्क (कौशल्यांतून मिळणाऱ्या खास क्षमता) बदलणारे, नवी सुरुवात देणारे, गावं सजवणारे, हवामान बदलणारे स्कायरिमचे मॉड इथे चालत नाहीत. नुसते टेक्स्चर बदलणारे बहुतेक चालतात. एसकेएसई या स्कायरिमची क्षमता वाढवणाऱ्या साधनाच्या डीएलएल फाइल्स गेमच्या नेमक्या आवृत्तीशी जुळत असतील तरच घ्या. स्कायरिमच्या मॉडच्या गर्दीतलं सगळ्यांचं लाडकं स्काययूआय (मेनू सुधारणारा मॉड) आधीच आत आहे, ते वेगळं टाकू नका. मॉड ऑर्गनायझर २ हा मॉड मॅनेजर एन्डेरालला वेगळा गेम म्हणून ओळखतो, आणि नेक्सस या मॉडच्या साइटवरही त्याचा स्वतंत्र विभाग आहे, तिथलंच घ्यावं. पहिल्या खेळात खरं तर काहीच टाकू नये. मूळ समतोल इतका विचारपूर्वक बसवला आहे की तो कळायच्या आधी बदलणं म्हणजे आमटी चाखण्याआधी मीठ घालणं.

आता मुख्य मुद्दा, आर्केन फीव्हर, म्हणजे जादूचा ताप. स्कायरिममध्ये लढाई संपली की थोडं थांबायचं, तब्येत आपोआप भरून येते, आणि लढाईत अडलं तर मेनू उघडून एका दमात दहा बाटल्या प्यायच्या. इथे दोन्ही वाटा बंद. तब्येत आपोआप भरत नाही. आणि बरं करणारी प्रत्येक बाटली, प्रत्येक मंत्र अंगातला हा ताप चढवतो. ताप १०० टक्क्यांवर गेला की पात्र मेलं, मग तब्येतीची पट्टी कितीही भरलेली असो. उतारा एकच, अँब्रोशिया. ती महाग असते आणि सुरुवातीला मोजकीच मिळते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहा. अवशेषांतल्या अरुंद बोळात तीन ‘लॉस्ट वन्स’ (मेलेले पण चालते-फिरते शत्रू) समोरून येतात. पहिला पाडेपर्यंत निम्मी तब्येत गेलेली असते. एक बाटली. दुसऱ्याचा घाव ढालीवर न येता खांद्यावर बसतो. आणखी एक बाटली. तिसऱ्याच्या वेळी सवयीने दोन. लढाई जिंकली, तब्येत पूर्ण, पण ताप बराच वर, आणि अजून निम्मं तळघर बाकी. म्हणजे आता पुढची प्रत्येक लढाई उपचाराविना. इथे खेळाडूला दोन गोष्टी कळतात: ढाल धरणं आणि मागे सरकणं हे शोभेसाठी नाही, आणि शिजवलेलं अन्न हेच खरं औषध. अन्नाने ताप चढत नाही, फक्त तब्येत हळूहळू भरते. म्हणून मांस, भाज्या, मीठ दिसेल तिथे उचला, चूल दिसली की शिजवा, आणि दोन लढायांच्या मधे खा. बाटली फक्त जीव जाण्याच्या बेतात असताना. अँब्रोशिया ताप निम्म्यावर गेल्याशिवाय उघडू नका.

कौशल्यं वाढवण्याची रीतही तशीच सवय मोडणारी. लोखंडी सुऱ्या ठोकत बसून लोहारकाम शंभरावर नेणं इथे शक्य नाही. वापरून काहीच वाढत नाही. लेव्हल वाढली की लर्निंग पॉइंट मिळतात, क्राफ्टिंग पॉइंट मिळतात आणि एक मेमरी पॉइंट. लर्निंग पॉइंट लढाईच्या आणि जादूच्या कौशल्यांसाठी; क्राफ्टिंग पॉइंट हस्तकला, रसायन, मंत्रारोपण, कुलूपतोड, वक्तृत्व वगैरेंसाठी. पण नुसता पॉइंट पुरत नाही, त्या कौशल्याचं पुस्तकही लागतं. एक पुस्तक वाचलं की एक पॉइंट खर्च आणि कौशल्य एकाने वर. अप्रेंटिस पुस्तकं २५ पर्यंत चालतात, अडेप्ट ५० पर्यंत, एक्सपर्ट ७५ पर्यंत, त्यापुढे मास्टर. पुस्तकं दुकानात विकत मिळतात, कधी पेट्यांत सापडतात.

यातून पैशाचं गणित पूर्ण बदलतं. सुरुवातीच्या तासांत पॉइंट पडून असतात आणि पैसे नसतात. त्या काळात चिलखत विकत घेणं हा शुद्ध अपव्यय, बरं चिलखत तळघरांत सापडतंच. सगळे पैसे एका शस्त्राच्या आणि एका चिलखत-प्रकाराच्या पुस्तकांत घाला. क्राफ्टिंगचे पॉइंट वेगळ्या खिशातले असल्याने वक्तृत्वात लवकर घातले तरी लढाईचं नुकसान होत नाही, आणि प्रत्येक खरेदी-विक्रीत ते वसूल होतात. कौशल्य २५ झालं की उरलेली अप्रेंटिस पुस्तकं विकून टाका. ती जपून ठेवणारे बरेच असतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

मेमरी पॉइंट ध्यानात जाऊन खर्चायचे असतात. मूळचे नऊ वर्ग, योद्ध्याचे, चोराचे आणि जादूगाराचे प्रत्येकी तीन, आणि विस्तारात आलेले दोन: प्राण्यात रूपांतर होणारा आणि भुतं बांधून सोबत नेणारा फॅज्मलिस्ट. वर्ग दोनच निवडा. ठरावीक दोन वर्गांच्या जोडीतून वेगळी ‘अ‍ॅफिनिटी’ मिळते, तिचे फायदे जास्तीचे. तीन-चार वर्गांत एकेक पॉइंट शिंपडणारं पात्र मधल्या टप्प्यात पार लंगडं होतं. वर्गांतून मिळणारे टॅलेंट स्कायरिममध्ये गर्जनेसाठी असलेल्या बटणावर चालतात. ते बटण सोयीच्या जागी घ्या, नाहीतर ऐन लढाईत बोट पोचत नाही आणि टॅलेंट असून नसल्यासारखे होतात. योद्ध्याच्या वर्गांपैकी कीपर हा पहिल्या खेळासाठी सगळ्यात माफ करणारा वर्ग. धनुष्य आणि लपून मारा मात्र इथेही स्कायरिमइतकेच जबरदस्त आहेत, ही या समतोलातली जुनीच गळती.

जग खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे बदलत नाही. सन कोस्ट आणि रिव्हरव्हिलचा परिसर नवख्याला झेपतो; पावडर डेझर्ट किंवा क्रिस्टल फॉरेस्टमध्ये लवकर शिरलात तर एका घावात खेळ संपतो. हा दोष समजू नये. ज्या गुहेतून पळून यावं लागलं होतं तिथे दहा लेव्हलनंतर परत जाऊन हिशेब चुकता करण्याची मजा स्कायरिममध्ये मिळतच नाही. नकाशावर क्लिक करून उडी मारता येत नाही. पैसे देऊन मिराड या उडत्या जनावरावरून ठरलेल्या ठिकाणी जायचं, किंवा ठरावीक गावाची टेलिपोर्ट स्क्रोल वापरायची. आर्कची एक स्क्रोल कायम जवळ असू द्या. सामान जड झालं, पिशवी भरली आणि बाहेर अंधार पडला की तिची किंमत कळते.

कथेबद्दल फार सांगणं म्हणजे वाचणाऱ्याचं नुकसान. सुरुवात बापलेकाच्या एका स्वप्नाने होते, मग जहाजावर चोरून केलेला प्रवास, मग किनारा. हा भाग लांबलचक आहे आणि हातात फारसं काही नसतं. तो संयमाने खेळा, कारण त्यातली एकही ओळ वाया घालवलेली नाही. एन्डेरालच्या समाजात प्रत्येकाचा ‘पाथ’ ठरलेला असतो, तो सोडणं हे पाप, आणि ज्यांना पाथच नाही ते पाथलेस आर्कच्या पोटातल्या अंडरसिटीत राहतात. वर मार्बलचं सूर्यमंदिर, खाली ओल आणि उपासमार. ही व्यवस्था मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पाथलेसांबद्दल बाजारातली साधी माणसं ज्या सहज सुरात बोलतात, तो सूर ऐकला की लिहिणाऱ्यांनी काय नेमकं पकडलं आहे ते कळतं. जेस्पार आणि कालिया या सोबत्यांच्या क्वेस्ट टाळू नका. मुख्य कथेच्या टप्प्यांमधली उसंत त्यांच्यासाठीच ठेवलेली आहे. विस्तारातली ऱ्हालाटा या गुप्त पंथाची कथा अंडरसिटीतूनच सुरू होते आणि काही ठिकाणी मुख्य कथेपेक्षाही घट्ट आहे. मुलांसाठी मात्र हा गेम नाही. आत्महत्या, छळ, वेडेपणा हे विषय सूचकपणे नव्हे, थेट येतात.

तक्रारीही आहेत. काही संवाद तासिकेसारखे लांबतात, समोरचा माणूस उभा राहून तत्त्वज्ञान सांगत राहतो. इंग्रजी आवाजांत मुख्य पात्रं उत्तम, पण आडवाटेच्या काही पात्रांचं बोलणं कागदावरून वाचल्यासारखं. लढाईचा गाभा शेवटी स्कायरिमचाच, वजन नसलेला. आणि एखादं पात्र ठरलेल्या जागी येऊन नुसतं उभं राहतं, क्वेस्ट पुढे सरकत नाही. अशा वेळी आधी तासभर वेळ पुढे ढकला. नाही जमलं तर त्या प्रसंगाच्या आधीची सेव्ह उघडा. कन्सोलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) क्वेस्टचा टप्पा पुढे ढकलणं हा शेवटचा उपाय, कारण मधल्या स्क्रिप्ट चालत नाहीत आणि दहा तासांनी भलतंच दार बंद सापडतं.

म्हणून सेव्हची शिस्त. क्विकसेव्हवर विसंबू नका, मेनूतून दर वेळी नवी पूर्ण सेव्ह करा, आणि स्क्रिप्टेड प्रसंग चालू असताना सेव्ह करू नका. बराच वेळ मरून-मरून लोड केलं असेल तर एकदा गेम पूर्ण बंद करून उघडा. खेळ चालू असताना कुठलाही मॉड काढू नका, त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये उरतात. आणि सूर्यमंदिरात शेवटच्या मोहिमेची तयारी सुरू झाल्याचं दिसलं की एक वेगळी सेव्ह बाजूला काढून ठेवा. शेवट एकाहून जास्त आहेत, आणि दुसरा पाहायची इच्छा त्याच रात्री होते.