घराची अलार्म यंत्रणा: आठेक महिने वापरल्यानंतर

घरात अलार्म आणि कॅमेरे बसवून आता आठेक महिने झाले. आलेला पाहुणा कीपॅडकडे बघून हमखास विचारतो, "आम्हीही घ्यावं का?" माझं उत्तर आता ठरून गेलं आहे. अलार्म वाजला तर दहा मिनिटांत तुमच्या दाराशी कोण पोचेल, ते आधी सांगा. नाव चटकन सुचलं तर खुशाल घ्या. नाही सुचलं, तर तेच पैसे आधी दारं-खिडक्या भक्कम करण्यावर घाला.

ही यंत्रणा कुणाला अडवत नाही. अडवायचं काम दाराचं, कुलपाचं आणि गजांचं. यंत्रणा फक्त वर्दी देते. ती ऐकून धावून येणारं कुणीच नसेल, तर आपण दूर कुठेतरी बसून आपल्याच घरात परका माणूस वावरताना फोनवर बघत राहणार. त्या असहायतेसाठी कुणी पैसे मोजू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे ही बाजू जमत होती. शेजारचे काका-काकू निवृत्त आहेत, बहुतेक वेळ घरीच असतात आणि आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. धाकटे दीर दोन गल्ल्या सोडून राहतात. अलार्म वाजला की सूचना आम्हा दोघांना येते, आणि त्याच वेळी काकांना आणि भाऊजींनाही. कुणी काय करायचं हेसुद्धा बोलून ठेवलं आहे. काका त्यांच्या गॅलरीतून बघतात, एकटे आत शिरत नाहीत. सूचना ज्याला आधी दिसेल त्याने पोलिसांना फोन लावायचा, दुसऱ्याने लावला असेल असं धरून चालायचं नाही.

यंत्रणा बसवण्याआधी सुतार बोलावला होता, आणि त्याचा मला आजही सगळ्यात जास्त आधार वाटतो. लाथ मारून दार उघडतात तेव्हा बहुतेकदा कुलूप तुटत नाही, लॅच जिच्यात अडकतो ती चौकटीवरची पट्टी उखडते. आमच्या पट्टीचे स्क्रू काढून सुताराने हातावर ठेवले, बोटाच्या पेरापेक्षाही आखूड. त्याने जाड पट्टी लावली आणि चौकट भेदून मागच्या भिंतीत शिरतील असे लांब स्क्रू बसवले. मागच्या दाराला आतून आडवा अडसर केला. हे सगळं एका दुपारचं काम, आणि त्याला ना बॅटरी लागते ना इंटरनेट.

मग अलार्म कशाला? त्याचं एक उत्तर मला एका अभ्यासात मिळालं. अमेरिकेत २०१२ मध्ये संशोधकांनी तीन राज्यांतल्या तुरुंगांमधल्या ४२२ घरफोड्यांना त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल विचारलं. सुमारे ८३ टक्के जणांनी सांगितलं की घरात अलार्म आहे का ते आम्ही आधी बघतो, आणि सुमारे ६० टक्क्यांनी सांगितलं की असेल तर दुसरं घर शोधतो. ही पकडल्या गेलेल्यांची उत्तरं आहेत हे लक्षात ठेवायला हवं. उरलेल्या ४० टक्क्यांचं काय, हाही प्रश्न राहतोच. तरीही त्यावरून मी एक गोष्ट ठरवली. सायरनची पेटी बाहेरून ठळक दिसेल अशी, पण हात पोचणार नाही इतक्या उंचीवर लावून घेतली. टेक्निशियन ती मागच्या बाजूला लावायला निघाला होता, वायर कमी लागते म्हणून. मी समोरच लावायला लावली.

आता रोजच्या वापराबद्दल. दारा-खिडक्यांचे सेन्सर अगदी साधे असतात. चौकटीवर एक छोटी डबी, दाराच्या फळीवर एक चुंबक. दार उघडलं की चुंबक लांब जातो आणि डबीतला स्विच सुटतो. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, पण चुंबक आणि डबीमधलं अंतर राखावं लागतं. आमचं मागचं दार जुन्या लाकडाचं आहे. हवा दमट झाली की ते फुगतं आणि शेवटचं बोटभर अंतर मिटतच नाही. पॅनल, म्हणजे यंत्रणेचा मुख्य डबा, मग 'मागचं दार उघडं' असं दाखवत राहतं आणि यंत्रणा चालूच होऊ देत नाही. रंधा मारून दार बसवून घेतल्यावर तो त्रास संपला.

याच सेन्सरचा खरा उपयोग मात्र मला वेगळ्याच जागी कळला. बाहेर पडताना कोड दाबला की कुठलं दार, कुठली खिडकी उघडी आहे ते पॅनल सांगतं. माडीवरच्या न्हाणीघराची झडप, गच्चीचं दार, जिन्यातली छोटी खिडकी. घाईत निघताना यातलं काही ना काही उघडं राहतं आणि एरवी ते परत आल्यावरच कळतं. आठ महिन्यांत खरा चोर एकदाही आला नाही, पण ही आठवण आम्हाला जवळजवळ रोज कामाला येते. घरात कुणी नसताना खुल्या खिडकीपेक्षा मोठं आमंत्रण नाही.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने मात्र पहिले काही आठवडे जीव खाल्ला. तो स्वतः काही किरण सोडत नाही. शरीरातून निघणारी उष्णता समोरच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला कळतं. त्यामुळे त्याच्या समोरून आडवं चालत गेलं तर तो लगेच टिपतो, सरळ त्याच्याच दिशेने येणाऱ्याला उशिरा. खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ पोचलं की तो मंदावतो. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. आमचा दिवाणखान्यातला सेन्सर पश्चिमेच्या खिडकीसमोर लावला होता. दुपारी ऊन सरळ आत यायचं, पंख्याच्या वाऱ्याने तापलेला पडदा हलायचा आणि घर रिकामं असताना सायरन सुरू व्हायचा. काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, पुन्हा वाजतंय बघ. आता आम्ही खिडकीत जायचंसुद्धा सोडून दिलंय."

त्या वाक्याने मी हादरले. आमची सगळी भिस्त काकूंच्या खिडकीत जाण्यावर होती. खोट्या अलार्मने कान किटतात एवढंच नाही, त्याने माणसं उठायची थांबतात. अमेरिकेतल्या पोलिसांना येणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी ९० टक्क्यांहून जास्त खोटे निघतात असं तिथले सरकारी अहवाल सांगतात, आणि काही शहरांत त्यामुळेच निव्वळ अलार्मवर पोलीस येतच नाहीत, कुणीतरी प्रत्यक्ष खात्री केलेली लागते. सेन्सर खिडकीच्याच भिंतीवर, कोपऱ्यात, दाराकडे आडवी नजर पडेल असा हलवला. त्यानंतर तो उगाच वाजलेला नाही. तुमच्याकडे बसवायला येतील तेव्हा जागा त्यांच्यावर सोडू नका. ऊन कुठून येतं, पंखा कुठे आहे, मांजर कशावर चढतं, हे तुम्हालाच ठाऊक असतं.

सासूबाईंबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण वयस्कर माणूस घरी असेल तर निर्णय बराचसा त्यांच्यावर अवलंबून असावा. दार उघडल्यापासून कोड दाबेपर्यंत आम्हाला ३० सेकंद मिळायचे आणि तेवढा वेळ कीपॅड टुकटुक करत राहायचा. आईंना चप्पल काढून, चष्मा लावून तिथवर जायलाच तेवढा वेळ लागतो. त्यांनी एकटीने बाहेर जाणंच बंद केलं. विचारलं तर म्हणाल्या, "मला त्याची धास्ती वाटते गं. माझ्यामुळे सगळी आळी गोळा व्हायची." घर सुरक्षित करायच्या नादात घरातल्याच माणसाला कोंडून घालणं मला मान्य नव्हतं. वेळ वाढवून घेतली, आणि त्यांच्या किल्लीच्या जुडग्यात एक छोटा रिमोट अडकवला. दाराबाहेर उभं राहून बटण दाबायचं आणि मगच कुलूप उघडायचं. आता त्या पूर्वीसारख्या संध्याकाळी बाहेर पडतात. आणखी एक सोय बहुतेक पॅनलमध्ये असते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही: धाकाचा वेगळा कोड. कुणी धमकावून यंत्रणा बंद करायला लावली तर तो दाबायचा. अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो आणि गुपचूप सूचना जाते. आईंना तो कोड पाठ करून दिला आहे.

कॅमेऱ्यांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. फाटकावरचा आमचा कॅमेरा फुल एचडी, म्हणजे चित्राची रुंदी १९२० पिक्सेल (ठिपके). कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायला समोरच्या दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात, आणि कुणीतरी माणूस आहे एवढं कळायला २५ पुरतात. कॅमेरा ९० अंशांचा पसारा दाखवत असेल तर जितकं अंतर त्याच्या दुप्पट रुंदी चित्रात येते, हिशोब करून बघा: चेहरा ओळखू येतो तो जेमतेम पावणेचार मीटरपर्यंत. त्यापलीकडे माणूस दिसतो, चेहरा नाही. एका रात्री कुणीतरी फाटकाची कडी हलवून गेलं, त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. उंची कळते, खांद्याला पिशवी कळते, चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आहे. त्यानंतर आम्ही दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीच्या थोडा वर, अरुंद कोनाचा कॅमेरा घेतला. उंचावरून सगळं अंगण दाखवणारा एक आणि चेहरा टिपणारा एक, ही दोन वेगळी कामं आहेत.

रात्रीच्या चित्रासाठी कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. ते कोळ्याला फार आवडतात, किंवा त्या उजेडाला येणारे किडे तरी आवडत असावेत. भिंगावर जाळं झालं की तोच धागा पांढराशुभ्र उजळतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. आठवड्याला एकदा काठीला फडकं बांधून पुसावं लागतं. खिडकीच्या आतून काचेला लावलेला कॅमेराही रात्री निरुपयोगी ठरतो, त्याचेच दिवे काचेवर उलटतात. सतत रेकॉर्डिंग ठेवलं तर सेकंदाला २ मेगाबिटच्या दराने दिवसाला साडेएकवीस जीबी भरतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांच्या आत भरतं आणि जुनं पुसून त्यावरच नवं लिहायला लागतं. साधं मेमरी कार्ड या माऱ्यात लवकर जातं, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं वेगळं मिळतं.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करा. आम्ही घराचा मेन स्विच बंद केला आणि दार उघडलं. सायरन वाजला, कारण पॅनलला स्वतःची बॅटरी आहे. फोन मात्र गप्प. राउटरची वीज गेली होती, निरोप जाणार कुठून? वीज घालवणं हे चोराचं सगळ्यात सोपं काम आहे. राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि पॅनलमध्ये सिम कार्ड घालून घेतलं, आता इंटरनेट नसलं तरी मेसेज आणि कॉल येतो. नुसते वायफायवरचे कॅमेरे असतील तर त्यांचा सिग्नल बाहेरून दाबताही येतो. नवीन बांधकाम चालू असेल तर भिंतीतून केबल टाकूनच घ्या. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं आणि १०० मीटरपर्यंत चालतं.

पासवर्डच्या बाबतीत मी घरात सगळ्यांच्या मागे लागते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याने फार काही केलं नाही. कंपनीने घालून दिलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड तो एकामागून एक लावून बघायचा. ज्यांनी ते बदलले नव्हते त्यांची उपकरणं गेली, आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. मालकांना पत्ताही नव्हता. पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा, आणि झोपायच्या खोलीत, कपडे बदलायच्या जागी कॅमेरा लावूच नका. आमच्या घरात आतल्या बाजूला एकही कॅमेरा नाही, आणि यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एका खटल्याचा निकाल दिला होता. घरावर वारंवार हल्ले झाल्यामुळे चेक प्रजासत्ताकातल्या एका गृहस्थाने लावलेला कॅमेरा रस्ता आणि समोरचं घरही टिपत होता. त्यातून संशयित सापडले, तरी न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक जागा टिपली जाते तेव्हा तो निव्वळ घरगुती मामला राहत नाही. आमच्या कॅमेऱ्यात काकूंचं अंगण थोडं येत होतं. सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करता येतो, तो केला आणि काकूंना फोनवर दाखवला. ज्यांच्या भरवशावर आपण आहोत त्यांच्यावरच नजर ठेवणं बरं दिसत नाही.

रेकॉर्डिंग कंपनीकडे साठवायच्या दरमहाच्या वर्गणीबद्दल: यंत्रणा घेताना तीन महिने फुकट होते. नंतर कळलं की वर्गणी थांबवली तर जुनं रेकॉर्डिंग दिसत नाही. आमचं कार्डावर साठत असल्यामुळे आम्ही ती घेतली नाही, आणि काही अडलेलं नाही. विकत घेण्याआधी एवढं नक्की विचारा की वर्गणी न भरता काय काय चालू राहतं, आणि ते लिहून घ्या. सेन्सरच्या बॅटऱ्या साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, पॅनलची मोठी बॅटरी तीन ते पाच वर्षांनी.

भाड्याच्या घरात असाल, सामान फार नसेल आणि दिवसभर घरी कुणीतरी असेल, तर मी एवढा सगळा पसारा सुचवणार नाही. चांगलं कुलूप, दाराशी एक कॅमेरा आणि धुराचा सेन्सर पुरे. धुराचा सेन्सर मात्र चोरीची भीती नसलेल्यांनीही घ्यावा. आमचा पॅनलला जोडलेला आहे, त्यामुळे घरी कुणी नसताना धूर झाला तरी काकांना कळेल. पुढच्या महिन्यात वरच्या टाकीखाली पाणीगळतीचा सेन्सर जोडायचा आहे, तो कसा चालतो ते वापरून बघितल्यावर इथेच खाली लिहीन.