व्हीलरचं रेटिकल लेव्हलिंग किट: कामाचं, पण ओळंबा हवाच

रायफलच्या स्कोपमधलं (दुर्बिणीतलं) रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघा, सरळ बसवायला हे किट. त्यात दोन पाणसळी: एक छोटी, दुसरी बॅरलवरच्या क्लॅम्पवर. छोटी रेलवर (स्कोप बसवायच्या पट्टीवर) ठेवून रायफल समतल करा, मग बॅरलवरच्या क्लॅम्पचा बुडबुडा तिच्याशी जुळवा. आता छोटी एलिव्हेशन टरेटच्या (नेम वर-खाली करायच्या खुंटीच्या) टोपीवर ठेवून स्कोप फिरवा. क्लॅम्पची कल्पना झकास. रायफल हलली तर लगेच कळतं. मात्र टोपी आणि आतलं रेटिकल समांतर असेलच असं नाही, म्हणून समोर ओळंबा टांगून उभी रेघ दोरीशी ताडून पाहा. स्कोप धरणाऱ्या रिंगचे एकाच बाजूचे स्क्रू आधी आवळले, तर स्कोप हमखास फिरतो. आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. १०० मीटरवर झिरो केल्यावर (नेम आणि गोळी जुळवल्यावर) रेटिकल कललेलं असल्याची चूक दिसत नाही. रायफल सरळ, पण रेटिकल १ अंश कललेलं असेल, तर टरेटवर १० मिल (१ मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर) चढवल्यावर १००० मीटरवर गोळी सुमारे १७ सेंमी बाजूला जाते.