झाडाचा आवाज काढायचाय: ५५५ टायमर घ्यावा की अँप्लिफायर?

कुंडीतल्या झाडाला दोन पट्ट्या चिकटवून संगीत काढणारी बहुतेक उपकरणं झाडाची वीज मोजतच नाहीत. ती स्वतःची वीज पानातून सोडतात आणि पानाचा रोध (विजेला होणारा अडथळा) कसा बदलतो ते पाहतात. फिलाडेल्फियाच्या डेटा गार्डनचं मिडी स्प्राउट आणि त्यानंतर आलेलं प्लांटवेव्ह याच जातीची.

घरी करायचं तर ५५५ टायमर, म्हणजे विजेचे स्पंद देणारी छोटी चिप, पुरतो. पिन ८ आणि ७ मध्ये १०० किलोओहम, पिन ६ व २ जोडून तिथून ग्राउंडला ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि ७ व ६ मध्ये झाड. झाडाचा रोध १ मेगाओहम असला तर पिन ३ वर साधारण १४६ हर्ट्झ मिळतात. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) स्पंदांची लांबी मोजतो आणि ती नेहमीपेक्षा जास्त हलली की मिडी स्वर, म्हणजे वाद्याला कोणता स्वर वाजवायचा हे सांगणारा संदेश, पाठवतो. स्वर कोणता, वाद्य कोणतं, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. मनीप्लांट, रबर, अळू अशी रुंद पानं घ्या आणि ईसीजीच्या जेलपट्ट्या वापरा. जेल सुकलं की स्वरांचा पाऊस पडतो. त्यात झाडाचं कर्तृत्व काही नाही. पंख्याच्या वाऱ्यानंही तेच होतं. झाडाच्या जागी ओलं फडकं लावून बघाच, तेही गातं.

प्लांटवेव्हसारखं तयार उपकरण ब्लूटूथनं फोनला जोडलं की सुरू. कार्यशाळेला, प्रदर्शनाला सोयीचं. पैसे सोयीचे जातात, अचूकतेचे नाही.

झाडाचा स्वतःचा विद्युतदाब हवा असेल तर एडी६२० सारखा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर (दोन टोकांच्या दाबातला फरक वाढवून देणारी चिप) घ्या. ५.६ किलोओहमच्या रेझिस्टरनं तो सुमारे दहापट वाढ देतो. पुरवठ्याला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आर्डुइनोला ऋण दाब चालत नाही, म्हणून रेफरन्स पिन २.५ व्होल्टवर ठेवा, पण ऑप-अँपच्या बफरमधून (दाब तोच ठेवून त्याला आधार देणारा टप्पा). नुसते दोन रेझिस्टर लावून तो दाब काढला की घरातली ५० हर्ट्झची घुरघुर आत शिरते. अँप्लिफायरकडून आर्डुइनोकडे जाणाऱ्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. झाडावरच्या दोन इलेक्ट्रोडशिवाय (झाडाला टेकणाऱ्या जोडण्या) तिसरा इलेक्ट्रोड मातीत खुपसून सर्किटच्या ग्राउंडला जोडायलाच हवा, नाहीतर अँप्लिफायर एका टोकाला जाऊन चिकटतो. तांब्याच्या तारा किंवा मगरचिमटे नकोत, त्यांचा दाब सरकत राहतो. चांदीची तार घरगुती ब्लीचमध्ये करडी होईपर्यंत बुडवा आणि जेल लावून देठाला गुंडाळा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

स्वस्तात मिळतं म्हणून एडी८२३२ चं ईसीजी मॉड्यूल घेण्याचा मोह होतो. पण ते अर्ध्या हर्ट्झखालचं सगळं गाळतं, आणि झाडाचे बदल कित्येक सेकंद घेत संथपणे होतात. हवं तेच नेमकं जातं.

अँप्लिफायरच्या मार्गाला झाड लाजाळूच. जगदीशचंद्र बोस यांनीही त्याच्यावर प्रयोग केले होते. पानाला स्पर्श करा, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर वेगानं लाट देठातून जाताना दिसते. ती इतकी संथ की थेट स्पीकरला दिली तर ऐकूच येणार नाही. तिच्या चढउतारानं सिंथेसायझरचा स्वर किंवा आवाज गाळणारा फिल्टर हलवावा लागतो. पान मिटलं की पुन्हा उघडायला दहा-पंधरा मिनिटं जातात, म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाला चार-पाच कुंड्या आळीपाळीनं लागतील. मनीप्लांटवर हेच सर्किट लावलंत तर बराच वेळ जवळजवळ सरळ रेघ मिळेल, आणि श्रोते घड्याळ बघू लागतील. तिथे ५५५ च बरा.